पंचवीस पट्ट्यांचं ट्रॉम्बे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी जरा नीट करून दिलं आहे.)



मला भाषणाची सवय नाही. सचिवांनी सांगितलं, "काकू, हॉलमध्ये ते ब्लँकेट टांगलंय, लोक विचारणार, तुम्हीच दहा मिनिटं बोला." म्हणून उभी राहिले. ब्लँकेट समोर आहेच. बोलताना मी त्याच्याकडे बघत राहीन, म्हणजे काही विसरणार नाही.

आधी एक प्रश्न मिटवून टाकते, कारण आल्यापासून चौघांनी विचारला. मुंबईच्या उकाड्यात लोकरीचं ब्लँकेट कशाला? बरोबर आहे. मी क्रोशा शिकले आईकडून. तिच्या वेळी क्रोशाचं काम म्हणजे तोरण, टेबलावरचा रुमाल, रेडिओवरचं झाकण आणि बाळंतविडा. ब्लँकेट कुणी विणत नव्हतं. पांघरायला गोधडी होती, नाहीतर घोंगडी. पण दोन वर्षांपूर्वी मुलीकडे लीड्सला तीन महिने राहिले. तिच्या शेजारणीनं तिच्या गावच्या समुद्राचं ब्लँकेट केलं होतं. वाळूचा एक पट्टा, फेसाचा एक, मग पाणी, मग आभाळ. ती म्हणाली, तुमच्याकडचं करा ना. मी घरी आले, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, आणि पहिल्यांदा ट्रॉम्ब्याकडे रंगांच्या हिशोबानं बघितलं.

हिशोबाचं सांगते. आडवे 220 खांब, एका पट्ट्याला साधारण आठ ओळी, पट्टे 25. पंचवीस का, ते आज वेगळं सांगायला नको. म्हणजे दोनशे ओळी आणि 44 हजार खांब. एकटीनं झालं नसतं. आम्ही सातजणी होतो. नावं घेणार नाही, त्यांनीच बजावलंय. शनिवारी दुपारी ऑफिसमध्ये बसायचं आणि ज्या पट्ट्यावर जिची पाळी तिनं तो आठवडाभर घरी न्यायचा.

खालून सुरुवात करू. सगळ्यात खालचा पट्टा चिखलाचा. हा मूळचा निळा होता. मी हौसेनं खाडीचा म्हणून छान निळा विणला. आपल्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या कोळीणबाई दारात टोपली ठेवून बघत बसल्या आणि म्हणाल्या, "खारीचा पानी निला कवा बगितलास गो?" मी गप्प. संध्याकाळी जेट्टीवर जाऊन आले. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं आणि समोर नुसता चिखल, राखाडी, त्यावर जरा चकाकी. निळं कुठेच नाही. आठ ओळी उसवल्या. कोळीणबाईंना नंतर राखाडी दाखवला तर मान हलवली आणि म्हणाल्या, जरा तपकिरी पण टाक. म्हणून बघा, दर दोन ओळींनंतर एक ओळ तपकिरी आहे.

त्यावरचा हिरवा तिवरांचा. आणि त्याच्यावर गुलाबी. हा सगळ्यांना आवडतो, मुलं तर त्यालाच हात लावतात, म्हणून तो जरा मळलाय. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, जवळजवळ सतराशे हेक्टर, आणि 2022 मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पण गुलाबी पट्टा राखाडीपासून सुरू होऊन हळूहळू गुलाबी का होतो, ते विचारा. फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं. चिखलातलं शेवाळ आणि बारीक किडे खाऊन त्याला रंग चढतो. म्हणजे हा गुलाबी त्या चिखलातूनच आलाय. बी विंगमधल्या एका नववीतल्या मुलानं मला हे सांगितलं. मी शाळेत शिकवत होते तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

पांढरा पट्टा मिठागरांचा. तो पटकन झाला. त्यावर दोनच ओळींची बारीक पट्टी आहे, एक खांब, एक साखळी, एक खांब, मध्ये भोकं. ती आगगाडी. आपल्या ट्रॉम्ब्याहून अंधेरीपर्यंत 1928 पासून 1934 पर्यंत रेल्वे होती, हे इथल्या कितीजणांना माहीत होतं? मला नव्हतं. सहा वर्षं चालली आणि बंद झाली. आज इथून अंधेरीला जाताना कुर्ल्याला गाडी बदलण्यात किंवा बसमध्ये ज्यांचा जीव जातो, त्यांनी त्या भोकांकडे जरूर बघावं.

मग देवनारचा पट्टा. कचऱ्याचा. डेपो 1927 चा आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आधी तो इथं आलाय. "कचरा कशाला ब्लँकेटमध्ये?" असं दोघीजणी म्हणाल्या. पण 2016 च्या जानेवारीत आग लागली तेव्हा खिडक्या लावून बसलो होतो, तोंडाला ओले रुमाल बांधून, ते आठवल्यावर दोघींनीही नाद सोडला. राखेचा रंग वापरलाय.

टेकडीचा पट्टा सगळ्यात रुंद आहे, बारा ओळी. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंची. जुने इंग्रज खलाशी तिच्याकडे खूण म्हणून बघायचे आणि तिला म्हणायचे 'नीट्स टंग', म्हणजे बैलाची जीभ. पावसाळ्यात ती हिरवीगार, मार्चमध्ये गवताची पिवळट. सहा ओळी अशा, सहा तशा. चढता येत नाही, दुरूनच बघायची. मी या भागात लग्न होऊन आले तेव्हापासून दुरूनच बघतेय.

टेकडीच्या पायथ्याशी निळा आहे बघा, चिखलातून हाकलून दिलेला निळा इथं कामाला आला. तो अप्सराचा. 4 ऑगस्ट 1956 ला अप्सरा ही अणुभट्टी इथं सुरू झाली, सोव्हिएत देश सोडला तर आशियातली पहिली. 20 जानेवारी 1957 ला पंडित नेहरूंनी तिला नाव दिलं. ती पाण्याच्या हौदात बसवलेली होती आणि चालू असताना पाण्यात निळा उजेड दिसायचा. आपल्याकडचे एक निवृत्त काका तिथं होते. मी त्यांना लोकरीचे पाच निळे दाखवले. त्यांनी अर्धा तास लावला. चष्मा काढला, घातला, खिडकीशी नेऊन बघितलं. शेवटी दोन निवडले आणि म्हणाले, "दोन्ही एकत्र धरून विणा." तसंच केलंय. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली म्हणून निळ्याच्या वर एक ओळ शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाची आहे. शेतकरी टीजी, टॅग-24 म्हणतात त्या भुईमुगाच्या जाती भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराचा उपयोग करून काढलेल्या आहेत. त्यातला 'टी' ट्रॉम्ब्याचा. माझ्या माहेरी धुळ्याकडे शेतात टॅग-24 लावायचे आणि मला आपण ट्रॉम्ब्यात राहतो म्हणून त्याचा काही संबंध असेल असं कधी वाटलंच नाही.

लाल-पांढरे पट्टे धुराड्यांचे. दहा-बारा वर्षांत सगळं उभं राहिलं. 1954 आणि 1955 ला दोन तेलशुद्धीकरण कारखाने, 1956 ला वीज केंद्र, 1965 ला खत कारखाना. आमचे हे खत कारखान्यातच होते. सुफलाच्या पोत्यावरची अक्षरं माझ्या मुलीनं बाराखडीच्या आधी ओळखली. मधली एक केशरी ओळ रात्रीच्या ज्वाळेची. आणि गंमत म्हणजे आम्ही वापरलेली लोकर ॲक्रिलिकची. मेंढीशी तिचा काही संबंध नाही, ती खनिज तेलापासून होते. म्हणजे तेलाचे पट्टे तेलानंच विणलेत.

आता ज्या पट्ट्यासाठी मी खरं तर इथं उभी राहायला तयार झाले, तो. धुराड्यांच्या खाली, टेकडीला लागून, चार ओळींचा. चटईच्या रंगाचा.

हा आमच्या यादीत नव्हता. मी घरी निळा पट्टा विणत बसले होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, तुमच्यापैकी बऱ्याच घरी त्या येतात, लादी पुसता पुसता थांबल्या. विचारलं, हे काय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आमचं कुठंय?" मी म्हटलं, चीता कॅम्प का? म्हणाल्या, "नाही, त्याच्या आधीचं."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या सासूबाईंकडे गेले. त्या मूळच्या तमिळ, हिंदी-मराठी मिसळून बोलतात. त्यांचं घर जनता कॉलनीत होतं. 1976 साली, आणीबाणीत, ती सगळी वस्ती हलवली. अणुकेंद्राच्या वसाहतीसाठी जागा हवी होती. सत्तर हजारांच्या आसपास माणसं. तिथल्या लोकांना एकत्र करून लढणारे जॉकिन अर्पुथम यांना पुढे मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. पण वस्ती उठली ती उठलीच. खाडीकाठच्या दलदलीत जागा दिली, तोच चीता कॅम्प. मी सासूबाईंना विचारलं, तुमचा पट्टा कुठल्या रंगाचा करू? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पहिल्या रात्री खाली चिखल, त्यावर चटई, त्यावर चार मुलं.

मी शनिवारी हे सगळ्यांना सांगितलं आणि आमचं भांडण झालं. ते लपवण्यात अर्थ नाही, आवाज जिन्यापर्यंत गेला होता. एकीचं म्हणणं, रौप्यमहोत्सव आहे, आनंदाचा प्रसंग, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. दुसरीचे यजमान आयुष्यभर अणुकेंद्रात, तिला वाटलं हा त्यांच्यावर आरोप आहे. ती रडली. मला तिचंही पटत होतं. तिच्या यजमानांनी कुणाचं घर पाडलं नव्हतं, त्यांना तर नोकरी लागली तीच मुळी 1981 ला. दोन शनिवार कुणी सुई हातात घेतली नाही.

तिसऱ्या शनिवारी तीच आली. पिशवीतून लोकर काढली, चटईच्या रंगाची. म्हणाली, "यांना विचारलं. हे म्हणाले, ज्या क्वार्टरमध्ये आपण राहिलो त्याच्याखाली काय होतं ते मला माहीत होतं, तू विचारलं नाहीस म्हणून बोललो नाही." एवढंच. पट्ट्याच्या पहिल्या दोन ओळी तिनं विणल्या. पुढच्या दोन ताईंनी. आणि सांगायला हरकत नाही, ताईंचा हात आमच्या सातजणींपेक्षा सफाईचा आहे. तिरुनेलवेलीला आजोळी शिकल्या होत्या, इतकी वर्षं आमच्या घरी येतात आणि आम्हाला पत्ता नाही.

बाकीचे पट्टे तुम्ही बघून ओळखाल. काळपट आहे तो 26 जुलैचा, 2005, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आपल्या तळमजल्यावरच्या मंडळींनी तीन रात्री वरच्या मजल्यांवर काढल्या होत्या. वाशीच्या खाडीपुलाचा सिमेंटी. सगळ्यात वर आभाळ, तेही फिकटच ठेवलंय, कारण खरं आभाळ तसंच असतं.

चुकांबद्दलही बोलायला हवं, कारण बारीक नजरेच्या बायका इथं खूप आहेत. नीट बघितलंत तर मधल्या भागात ब्लँकेट किंचित आत गेलंय. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटायचं असतं आणि त्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब. परत येताना त्यावर टाका घालायला विसरलं की दर ओळीला एक खांब कमी होतो. आम्ही सातजणी, प्रत्येकीला वाटलं दुसरीनं मोजले असतील. एके दिवशी मोजले तर 220 चे 201. तीन पट्टे उसवले. त्यानंतर नियम केला, पट्टा दुसरीच्या हाती देताना खांब मोजून वहीत लिहायचे आणि सही करायची. सभेच्या इतिवृत्ताइतकी ती वही काटेकोर आहे, खजिनदारांनी बघायला हरकत नाही. तरी थोडं आत गेलं ते गेलंच. पुन्हा उसवायला कुणाची तयारी नव्हती.

2016 मध्ये चेन्नईला देशभरातल्या बायकांनी मिळून अकरा हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं ब्लँकेट केलं, गिनीज बुकात गेलं. आपलं पाच फूट बाय सहा फूट आहे. ते कुठं ठेवायचं हे समितीनं अजून ठरवलेलं नाही. काचेत बसवावं असं एक मत आहे. माझं मत, बसवू नये. संस्थेच्या ऑफिसात ठेवावं आणि आपल्यापैकी कुणी दवाखान्यात भरती झालं की तिथं पाठवावं. तिथले एसी फार थंड असतात. पण ते सर्वसाधारण सभेत बघू.

एक काम राहिलंय. चारही बाजूंची कड विणायची आहे, आणि मागच्या बाजूला धाग्यांची साठेक टोकं लोंबतायत ती सुईनं आत ओवायची आहेत. ते कंटाळवाणं काम आहे, खरं सांगते. ज्यांना शिकायचंय त्यांनी शनिवारी चार वाजता यावं. पुरुषांनीही यावं. निळे निवडणारे काका येतात, त्यांना साखळी जमायला लागलीय. ताई पण असतात, आता शिकवायला. सुई साडेचार मिलिमीटरची आणा. लोकर माझ्याकडे उरलीय, फक्त गुलाबी संपलाय.