श्वास चालविणारे यंत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी ती मोठ्याने पाठ करते आणि भाकरी थापता थापता ते माझ्या कानी पडते. त्यातले माझ्या सातवीच्या शिक्षणाला पेलेल तेवढेच आज सांगते. 'व्हेंटिलेटर लावावा लागेल' असा निरोप इस्पितळातून आला की घरात रडारड सुरू होते. 'आता संपलेच' म्हणून कोणी सही देत नाही, कोणी रोग्याला घरी न्यायला निघते. हा निर्णय घटकाभरात करायचा असतो, तेव्हा माहिती आधीच असलेली बरी.

श्वास घेताना बरगड्या वर उचलल्या जातात, छाती व पोट यांमधला पडदा खाली सरकतो आणि हवा आत ओढली जाते. हे काम स्नायूंचे, आणि पायलीभर दळणाने हात भरून यावेत तसे तेही थकतात. न्यूमोनियात फुप्फुसे भरून आली की प्राणवायू रक्तात पोहोचत नाही, रोगी तळमळतो. जुना दमेकरी किंवा जन्मभर चुलीच्या धुरात बसलेली बाई, हिचे निराळे. तिला आतला कार्बन डाय ऑक्साइड बाहेर टाकता येत नाही आणि ती पेंगू लागते. धाप लागलेले माणूस एकाएकी गप्प झाले की आपण म्हणतो, 'आराम पडला हो!' मुलगी म्हणते, खरे घाबरायचे ते तेव्हाच.

२०२० च्या साथीत पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. ते प्राणवायू दाखविते, कार्बन डाय ऑक्साइड दाखवीत नाही. नखे रंगविलेली असली तर प्राणवायूचा आकडाही चुकू शकतो. श्वास मात्र कोणालाही मोजता येतात. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २०. तीसच्या वर गेले तर सकाळची वाट पाहू नये. मोजायचे ते पुरते मिनिटभर, आणि रोग्याला न सांगता. सांगितले की तो मुद्दाम सावरून श्वास घेतो.

हे यंत्र नळीवाटे हवा आत ढकलते. त्याची हकीकत मला फार आवडली. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले बहुतेक रोगी दगावत होते. इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी घशाला छिद्र पाडून नळी बसविली आणि रबरी पिशवी दाबून हवा देवविली. यंत्रे पुरेशी कुठली? शेकडो विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस उशाशी बसले आणि हाताने पिशवी दाबत राहिले. आपल्या चाकण-भोसरीच्या शिफ्टच जणू! मृत्यू झपाट्याने घटले. तशी हातपिशवी आजही यंत्राशेजारी तयार ठेवतात. यंत्राची घंटा वाजली तर परिचारिकेने आधी रोग्याकडे पाहायचे, मग यंत्राकडे.

यंत्र रोग बरा करीत नाही. न्यूमोनियाचे जंतू औषधाने मरतात. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला तो पेनिसिलिनसाठीच. औषधाला गुण यायला दिवस लागतात, तेवढे दिवस यंत्र मिळवून देते. प्राणवायू मात्र त्याला बाहेरून पुरवावा लागतो. नाशिकला २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या रुग्णालयात टाकीला गळती होऊन पुरवठा खंडला आणि त्या दिवशी २२ रोगी गेले.

भेटीला गेल्यावर रोगी बोलत नाही म्हणून घाबरू नये. नळी स्वरयंत्रातून गेलेली असते, बोलणार कसा? गुंगीत नळी उपसू नये म्हणून कधी हातही बांधतात. ते पाहून जीव तुटतो खरा. पण त्याला ऐकू येत असेल असे धरूनच नावाने हाक मारावी, घरचे चार शब्द सांगावे. रडणे बाहेर येऊन करावे.

सगळेच परत येतात असे नाही. मेंदूच मृत झाला असेल तर यंत्र नुसती छाती हलविते. त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि डॉक्टर तसे सांगतात. पण बरे होऊ लागलेल्याचे यंत्र हळूहळू सोडवितात. त्याला इंग्रजीत म्हणतात वीनिंग, म्हणजे अंगावरचे तोडणे! आपल्याला ते निराळे शिकवायला नको. थोडा वेळ स्वतःचा श्वास घेऊ द्यायचा, थकला की पुन्हा यंत्र. म्हणून डॉक्टरांना 'वाचेल का?' असे दहादा विचारण्यापेक्षा रोज सकाळी विचारावे, 'आज यंत्राचा जोर कालच्याहून कमी केला का? स्वतःचा श्वास किती वेळ घेतला?'