विटेवर कोण उभे आहे?

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



महाराष्ट्राबाहेरच्या या शहरात आपली मराठी शाळा साठ वर्षे उभी आहे. नोकरी-व्यवसायासाठी गाव सोडून आलेल्या माणसांनी ती उभारली. त्यांचे वडीलधारे बहुधा गावीच राहिले. आज आपल्यापैकीही अनेकांचे तसेच आहे. म्हणून आज मातृपितृऋणाविषयी बोलावेसे वाटते.

पुंडलिकाची कथा आपण बालवाडीपासून सांगतो. आई-वडिलांची सेवा चालू असताना दारी विठ्ठल आला. पुंडलिकाने वीट पुढे सारली आणि त्याला थांबायला सांगितले. परंतु कथेचा आरंभ आपण विसरतो. हाच पुंडलिक आधी आई-वडिलांना छळणारा मुलगा होता. काशीच्या वाटेवर, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. सेवाभाव तो जन्मतः घेऊन आला नव्हता. तो उशिरा शिकला.

मीही उशिराच शिकले. काही वर्षांपूर्वी माझ्या आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, नेमकी दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत. फोनवर ती म्हणाली, “तुझी मुलं परीक्षेला बसलीत, तू येऊ नकोस. शेजारच्या वहिनी आहेत.” मला हायसे वाटले. मे महिन्यात गेले, तेव्हा वहिनी सहज बोलून गेल्या की, पट्टी सोडल्यावर आईने आधी दाराकडे पाहिले होते. शाळेत माझे काम सांभाळायला दोन सहकारी तयार झाले असते. मी त्यांना विचारलेही नव्हते. पुंडलिकाने देवाला थांबवले, मी आईला थांबवले.

२००७ साली आपल्या देशात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधिकरणाला मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देवविण्याचा अधिकार दिला. वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. निराधारांसाठी हा कायदा हवाच. परंतु पट्टी सोडताना समोर असण्याचा आदेश कोणते न्यायाधिकरण देणार?

पालकहो, शाळा सुटल्यावर फाटकाशी मी एक दृश्य वारंवार पाहते. मूल दप्तरातून चित्र काढून पुढे धरते, मोबाईलवरची नजर न काढता मोठी माणसे म्हणतात, “थांब जरा.” मूल थांबते. आपल्या माणसाला थांबवता येते, हे त्याच क्षणी ते शिकत असते. उद्या त्याने आपल्याला सांभाळावे म्हणून नव्हे, तर आज ते आपल्यापुढे उभे आहे म्हणून ते चित्र पाहा.

माझी आई आता माझ्याकडेच असते. शाळेतून परतल्यावर अर्धा तास मी तिच्याजवळ बसते. बोलणे बहुतेक तेच ते असते. त्या वेळी आलेला फोन थांबतो.

विद्यार्थी मित्रांनो, माजी विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना, आई-वडिलांना फोन लावा; आणि तो आधी आपण ठेवू नका.