भाकरीचा डोंगर आणि डोळ्यांचा विश्वास



घरातील साध्या वस्तू आणि गावाभोवतालचा परिसर यांची छायाचित्रे संगणकावर एकत्र जुळवून अद्भुत चित्रे कशी घडवावीत, हा आमचा आजचा विषय आहे. ज्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत चर्चा व्हावयाची, तेथे किसणी आणि भाकरी यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमधून रोज वर येतो आहे. आणि त्याच्या उत्तराची वाट, आमच्या मते, या किसणीवरूनच जाते.

अशा जुळवलेल्या चित्राला कोलाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ केवळ चिकटविणे असा आहे. स्वयंपाकघरातील किसणी उभी ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे आणि गावच्या पेठेच्या छायाचित्रात ती घरांच्या रांगेत बसवावी. भोकांच्या खिडक्या होतात आणि अनेक मजल्यांची इमारत उभी राहते. पाहणारा प्रथम हसतो. मग क्षणभराने त्याच्या मनात येते, की अशा इमारतीत राहणारा माणूस रोज थोडाथोडा किसलाच जात असेल! हा दुसरा क्षण आला तर चित्र साधले. पहिल्यावरच थांबले तर ती नुसती गंमत झाली.

ही कला संगणकाबरोबर जन्मली असे मात्र नव्हे. 1857 साली ऑस्कर रेजलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून एकच भव्य चित्र सिद्ध केले. बर्लिनमधील हाना ह्योख ही एका प्रकाशनसंस्थेत विणकाम-भरतकामाचे नमुने काढीत असे. तिने 1919 मध्ये मासिकांतील छायाचित्रांची कात्रणे जुळवून त्या काळच्या जर्मनीचे विलक्षण चित्र घडविले आणि त्याच्या नावातच स्वयंपाकघरातील सुरी आणली. 1924 साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रतों याचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा निघाला. पुढे अमेरिकेत जेरी युल्समन याने अंधाऱ्या खोलीत अनेक एन्लार्जर शेजारी-शेजारी मांडून एकाच कागदावर निरनिराळी दृश्ये उतरविली. 1990 साली फोटोशॉप आले, 1994 मध्ये त्यात थरांची सोय झाली, आणि जे काम करावयास दिवसच्या दिवस लागत ते टेबलावर बसल्याबसल्या होऊ लागले.

आपल्याकडे तरी ही दृष्टी कोठे नवी आहे? आपल्या कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे. हत्तींना पंजात धरणारा असा प्राणी कोणी रानात पाहिला होता? नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी रंगविलेल्या श्रीनाथजींच्या शेजारी भक्तांच्या छायाचित्रांतील चेहरे कापून चिकटविले. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रपटात पकडून दाखविली आणि त्या रोपाच्या बळावर भांडवल मिळविले. अद्भुत घडविण्यास इंद्राचा ऐरावत लागत नाही, वाटाण्याचा दाणा पुरतो, हे त्यांनी दाखवून दिले. अलीकडे विवान सुंदरम यांनी 2001-02 च्या सुमारास आपले आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेली घरातील जुनी छायाचित्रे संगणकावर एकत्र केली. त्यांत त्यांची मावशी, थोर चित्रकर्त्री अमृता शेरगिल, निरनिराळ्या वयांत आणि निरनिराळ्या वेळी काढलेल्या दृश्यांत आपल्या कुटुंबीयांसह एकाच चौकटीत येते. घडले नाही ते दिसते. पण त्यातून त्या घराविषयीचे काही खरेच कळते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. समजा, सह्याद्रीच्या डोंगराऐवजी भाकऱ्यांची चवड उभी करावयाची आहे. प्रथम उजेड पाहावा. डोंगराचे छायाचित्र सकाळी घेतले असून ऊन डावीकडून येत असेल, तर भाकऱ्यांची चवड खिडकीशी अशी ठेवावी, की उजेड डावीकडूनच पडेल. दुसरी गोष्ट नजरेची उंची. आपण ताटाकडे वरून पाहतो आणि डोंगराकडे खालून. म्हणून कॅमेरा भाकरीच्या पायथ्याशी न्यावा लागतो. तिसरी गोष्ट हवेची. दूरचा डोंगर फिकट आणि निळसर दिसतो, तेव्हा भाकरीलाही तेवढा निळसरपणा द्यावा. शेवटी सावली. वस्तू जेथे जमिनीला टेकते तेथे सावली नसेल, तर ती तरंगू लागते आणि सारा डाव फसतो. थर, मुखवटे आणि कातरकाम यांच्या युक्त्या आठवड्यात येतात. ऊन कोठून येते ते पाहण्याची सवय लागावयास मात्र वर्ष जाते.

श्रोतेहो, या नियमांत एक मौज आहे. खोटे चित्र उभे करावयाचे तर खऱ्या जगाचे नियम अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. आणि उपमा नेमकी असेल तर ती निव्वळ खोटीही राहत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. त्या खडकाच्या 'ट्रॅप' या नावामागे पायऱ्या या अर्थाचा स्वीडिश शब्द आहे. मग भाकरीवर भाकरी रचलेला डोंगर ही केवळ थट्टा राहिली काय? त्याचप्रमाणे कोरड्या नदीच्या पात्रात पाण्याच्या जागी रिकाम्या घागरींची रांग वाहती दाखविली, तर ते चित्र उन्हाळ्यातील गावाविषयी एखाद्या लांबलचक अहवालापेक्षा अधिक बोलेल.

परंतु जी कातर शरभ घडविते, तीच थापही घडवू शकते. 1917 साली इंग्लंडमधील कॉटिंग्ले गावी दोन मुलींनी कागदाच्या पऱ्या कापून टाचण्यांनी झाडोऱ्यात उभ्या केल्या आणि त्यांची छायाचित्रे काढली. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल याने 1920 मध्ये त्या पऱ्या खऱ्या मानून लेख लिहिला. त्या कागदी होत्या ही कबुली 1983 पर्यंत आली नाही! कागदाची परी हा गुन्हा नव्हे. ती खरी म्हणून गळी उतरविणे हा गुन्हा. आज तर चार शब्द टाइप केले की यंत्र हवे ते चित्र काढून देते. दंगलीच्या दिवशी भलत्याच गावचे प्रेत आपल्या चौकात पडलेले दाखविणे आता अवघड राहिलेले नाही, आणि त्या चित्रापायी उद्या खरे रक्त सांडू शकते.

भाकरीचा डोंगर पाहणाऱ्याला सांगतो, की मी रचलेला आहे, ये, कसा रचला ते शोध. थाप आपले सांधे लपविते आणि पाहणाऱ्याला घाई करते. ज्याने आपल्या हाताने एक तरी असा डोंगर रचला आहे, तो पुढे कोणतेही चित्र पाहताना सावली कोठे पडली आहे हे आधी विचारील. म्हणून आमची विनंती एवढीच, की या सुट्टीत मुलांच्या हाती यंत्राने काढलेले आयते चित्र देण्याऐवजी अडकित्ता, किसणी, कंदील द्या, आणि त्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा पाठवा. चित्र झाल्यावर त्याखाली 'रचलेले चित्र' असे दोन शब्द त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या दोन शब्दांनी अद्भुताची गोडी तसूभरही कमी होत नाही, आणि शेजाऱ्याचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास शाबूत राहतो.