अडकलेलें दार आणि घरांतील हत्यारें

आषाढाचे दहा-बारा दिवस लोटले कीं महाडांतील बहुतेक घरांतून एकच तक्रार ऐकूं येते : दार अडकतें. न्हाणीघराचें दार खांदा लावल्याविना लागत नाहीं आणि कपाटाचा खण ओढतां ओढतां मूठच हातांत येते. मग सुतारास निरोप जातो. सुतार पनवेलीस किंवा पुण्यास कामावर असतो. तो गणपतीस घरीं आला म्हणजे दाराची कड रंध्यानें घाईघाईनें काढून देतो, आणि दार सुरळीत लागूं लागतें. पुढें मार्गशीर्षांत त्याच दाराच्या फटींतून अंगणांतला उजेड दिसूं लागतो. दोष सुताराचा नसतो, लांकडाचाही नसतो. रंधा ज्या महिन्यांत चालविला त्या महिन्याचा असतो.

लांकूड झाडापासून वेगळें झालें तरी हवेंतील ओलावा घेण्याचें व सोडण्याचें त्याचें काम थांबत नाहीं. महाड-पोलादपुराकडे वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत लांकूड फुगतें व उन्हाळ्यांत आंखडतें. लांबीच्या दिशेनें हा फरक नसल्यासारखाच असतो. रुंदींत मात्र तो स्पष्ट जाणवतो. सागासारख्या शांत स्वभावाच्या लांकडाचीही एक फूट रुंदीची फळी दोन ऋतूंत तीन मिलिमीटरपर्यंत कमीजास्त होऊं शकते. म्हणून आषाढांत दार अडकलें तर गृहस्थानें रंध्यास हात लावण्यापूर्वीं एक पेन्सिल घ्यावी व दार जेथें घासतें तेथें खूण करून ठेवावी. काम अगदींच अडलें असेल तर तेवढाच भाग एक-दोन हात काढावा. बाकीचें काम कोरड्या दिवसांवर टाकावें. त्या वेळीं दार बिजागरीवरून उतरवून त्याच्या वरच्या व खालच्या कडेस रंग किंवा रोगण द्यावें. या दोन कडा दिसत नाहींत म्हणून बहुतेक घरीं कोऱ्याच राहतात, आणि लांकूड पाणी पितें तें मुख्यतः तेथूनच.

एवढ्यासाठीं घरांत हत्यारें हवींत काय, असें कोणी विचारील. बारा बलुत्यांतला सुतार गांवांतच होता तोंवर हा प्रश्न नव्हता. नांगरापासून पाळण्यापर्यंत सारें तोच पाही व सुगीस आपलें बलुतें नेई. ती घडी आतां राहिलेली नाहीं. चांगला कारागीर आजही आहे, पण एका दारासाठीं त्यानें दिवस मोडावा ही अपेक्षा अवास्तव होय. तेव्हां शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबानें थोडीं हत्यारें बाळगावीं व तीं चालवावयास शिकावें, हें उत्तम.

थोडीं म्हणजे किती? एक करवत, एक लोखंडी रंधा, पाव, अर्धा व एक इंच रुंदीच्या तीन पटाश्या, एक गुण्या, हातोडा, लांकडी मोगरी, हातानें फिरवावयाचें गिरमिट आणि धार लावण्याचा दगड. पेटींत भरून मिळणारा चाळीस नगांचा संच नवशिक्यास मोह घालतो. त्यांतील तीस वस्तु कधीं बाहेर निघत नाहींत व उरलेल्या दहांचें पोलाद धार धरीत नाहीं. करवत घेतांना दांत पाहावे. दांतांच्या टोकांवर निळसर काळी झांक असली तर ते विशेष कठीण केलेले आहेत असें समजावें. अशी करवत पुष्कळ दिवस चालते, परंतु बोथट झाल्यावर तिला कानस लागत नाहीं. रेषेच्या बाजूनें लांकूड चिरण्याचे दांत लहान पटाशीसारखे असतात व आडवें कापण्याचे दांत चाकूच्या टोंकासारखे. एका कामाची करवत दुसऱ्यास लावली तर घाम निघतो, काम निघत नाहीं.

आपले जुने सुतार जमिनीवर बसून, पायाच्या बोटांनीं लांकूड दाबून काम करीत. ती विद्या लहानपणींच यावी लागते. साठीच्या गृहस्थानें गुडघ्यांची परीक्षा पाहूं नये. उभें राहून हात सैल सोडला असतां मनगट जेथें येतें तेवढ्या उंचीचें एक जड बांक करवून घ्यावें व त्यास लोखंडी शिकंजा बसवावा. लांकूड हललें नाहीं म्हणजे अर्धें काम झालें.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट धार ही आहे, आणि नेमकी तीच शिकविली जात नाहीं. नवीन पटाशी दुकानांतून धारदार येत नाहीं. तिला केवळ आकार दिलेला असतो. प्रथम तिची मागची सपाट बाजू टोंकाजवळ आरशासारखी होईपर्यंत दगडावर घासावी. ही बाजू सपाट नसेल तर पुढची कितीही घासली तरी व्यर्थ. नंतर पुढची उतरती बाजू पंचवीस ते तीस अंशांच्या कोनांत धरून, तेलाचे थेंब टाकून, सारखी मागेंपुढें न्यावी. मागच्या बाजूस बोटाला बारीकशी किनार लागली कीं पातें उलटून ती किनार काढावी. दगड नसेल तर जाड कांचेच्या तुकड्यावर पाण्यांत भिजवून वापरावयाचा काळा पॉलिशकागद पसरला तरी चालतो. धार झाली कीं नाहीं हें मनगटावरचे केंस कापून पाहण्याची हौस पुष्कळांना असते. त्यापेक्षां शिवणीच्या किंवा आंब्याच्या मऊ तुकड्याचें आडवें टोंक कापून पाहावें. कापलेली जागा गुळगुळीत व चकचकीत आली तर धार आहे; चुरा पडला तर नाहीं. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोरानें ती निसटते, आणि निसटलेली पटाशी बहुधा डाव्या हातांत शिरते. म्हणून डावा हात सदैव धारेच्या मागेंच असावा.

लांकूड कोठून आणावें? सागाचा भाव सर्वांस ठाऊक आहे. आणि स्वतःच्या जमिनींतलें झाड असलें तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणें तें पाडण्यापूर्वीं परवानगी काढावी लागते. त्यापेक्षां जुनीं घरें उतरतात तेथील वासे, तुळया, चौकटी पाहाव्या. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलें सागाचें किंवा ऐनाचें लांकूड आतां फारसें वळावयाचें राहिलेलें नसतें. मात्र त्यावर लोहचुंबक फिरवून खिळे शोधावे. ऐनांत गंजून तुटलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची आठवडाभराची मेहनत क्षणांत घालवितो. लांकूड पुराच्या पाण्यांतून निघालेलें असेल तर त्याच्या रेषांत बारीक वाळू व गाळ बसलेला असतो. तें धुवून, तारेच्या ब्रशानें घासून, मधें पट्ट्या घालून सावलींत रचावें व पुरतें वाळल्यावरच रंध्याखालीं घ्यावें.

पुराचा उल्लेख आला तो महाडाविषयीं बोलतांना टाळतां येण्याजोगा नाहीं. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते. येथें तिला गांधारी मिळते. आणि खालून खाडीच्या भरतीनें पाणी तुंबतें. २२ जुलै २०२१ रोजीं महाबळेश्वरीं एका दिवसांत ५५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला व त्या रात्रीं महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली. तळिये येथें व पोलादपूर तालुक्यांत दरडींखालीं माणसें गेलीं. त्या शोकापुढें हत्यारांची गोष्ट क्षुल्लक होय. परंतु गाळ उपसल्यावर ज्यास पुन्हां घर उभें करावयाचें असतें त्यास करवत आणि हातोडा हींच आधीं लागतात.

चिखलांतून निघालेलें हातचें हत्यार त्याच दिवशीं स्वच्छ पाण्यानें धुवावें, पुसावें, उन्हांत तापवावें व यंत्रतेल लावावें. गंज धरलाच तर तें रात्रभर व्हिनेगरांत बुडवून ठेवावें, सकाळीं घासून सोड्याच्या पाण्यानें धुवावें, आणि लगेच वाळवून तेल द्यावें. पोलादपूरच्या नांवांत पोलाद आहे खरें, पण गंज तेथेंही कोणाची भीड धरीत नाहीं. विजेच्या यंत्राची गोष्ट निराळी. भिजलेलें यंत्र ‘चालतें का पाहूं’ म्हणून कदापि लावूं नये. त्यानें मोटर जळते, आणि ओल्या जमिनीवर उभ्या माणसाचा प्राणही जाऊं शकतो. तें उघडून, धुवून, पुरतें सुकवून, जाणत्याकडून विद्युत्‌रोधन तपासल्यावरच जोडावें. हत्यारांची पेटी तळमजल्यावर न ठेवतां माळ्यावर ठेवावी हें महाडकरांस सांगावयास नकोच. तरी ती एका माणसास उचलतां येईल एवढीच असावी, हें सांगण्याजोगें आहे.

यंत्रें घ्यावयाचीं तर शेवटीं. पहिलें विजेचें गिरमिट, दुसरी बारीक पात्याची जिगसॉ. घरास याहून अधिक क्वचितच लागतें. वर्तुळाकार करवतीचा लोभ धरूं नये, आणि फरशी कापण्याच्या यंत्रास किंवा हातग्राइंडरास लांकडाची दांतेरी चकती लावण्याची जी चाल जागोजाग पडली आहे ती तर घातकीच आहे. असें यंत्र मिनिटास सुमारें १२,००० फेरे घेतें. ११० मिलिमीटर व्यासाच्या चकतीची कड मग ताशीं सुमारें २५० किलोमीटर वेगानें धांवते. फरशी घासली जाते, लांकूड दांतांना पकडतें. चकती अडकली कीं सारें यंत्र उलटून चालविणाऱ्याकडे येतें, आणि सोयीसाठीं काढलेलें आवरण त्या वेळीं कोपऱ्यांत पडलेलें असतें. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, लोंबत्या बाह्या, साडीचा पदर व मोकळे केंस नसावेत. डोळ्यांवर चष्मा व नाकावर पट्टी असावी. लांकडाची धूळ माणसास कर्करोग करूं शकते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिला आहे. तेव्हां भुसा झाडण्यापूर्वीं त्यावर पाणी शिंपडावें आणि काम पडवींत करावें.

मार्गशीर्ष आला म्हणजे आषाढांत केलेली पेन्सिलीची खूण शोधावी. दार आतां मोकळें लागत असेल तर रंधा पेटींतच राहूं द्यावा व फक्त कोऱ्या कडांस रोगण द्यावें. अजूनही घासत असेल तर प्रथम बिजागरीचे स्क्रू तपासावे. ते सैल झाल्यानें दार खालीं बसलेलें असतें, आणि पुष्कळदां तेवढेच आवळून काम होतें.