ओढ्याचे बारा महिने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझे आयुष्य पाणी तपासण्यात गेले. तेव्हा साहित्य-संगीताची मेजवानी माझ्याकडून घडणे नाही. परंतु पोटापाण्यासाठी ज्या ईशान्य भारतात आपण घरे केली, तेथील एका ओढ्याची हकीकत मात्र सांगता येईल.

मेघालयातील जैंतिया डोंगरात कोळशाचे पातळ थर आहेत. उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांतून हा कोळसा कित्येक दशके काढला गेला. त्यात गंधक बरेच असते. त्याचा काही भाग पायराइट या लोह व गंधक यांच्या खनिजाच्या रूपात असतो. जमिनीच्या पोटात हे खनिज निवांत पडून राहते. खाणीमुळे त्यास हवा-पाणी लागले, की त्यापासून सल्फ्यूरिक अम्ल व लोहाचे क्षार तयार होतात. काही सूक्ष्म जंतू या क्रियेचा वेग अनेक पटींनी वाढवितात. हे पाणी ओढ्यात उतरले, की दगडगोट्यांवर नारिंगी साका धरतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशा एका ओढ्याचे पाणी जुलै महिन्यात तपासले. पीएच मूल्य सहाच्या आसपास आले. पिण्याच्या पाण्यासाठी ते साडेसहा ते साडेआठ असावे, असे भारतीय मानक सांगते. थोडे उणे आहे, पण चिंतेचे कारण नाही, असा अहवाल मी लिहून टाकला. निघताना गावातील एक वृद्धा दुभाष्यामार्फत म्हणाली, “साहेब, पावसात आलात. आता थंडीत या.”

जानेवारीत गेलो. ओढा अर्ध्याहून अधिक आटला होता आणि पीएच चारच्या खाली आले होते. हे माप असे आहे, की एका अंकाने उतरले तर अम्लता दहापट होते. दोन अंकांनी उतरले तर शंभरपट. पाण्यात मासा नव्हता, कीटक नव्हता. माझा अहवाल खोटा नव्हता. तो केवळ जुलैचा होता. आणि त्या बाईला तर वर्षभर पाणी भरावयाचे होते!

कारण सोपे आहे. खाणीतून झिरपणारे पाणी बारमाही असते. पावसाळ्यात डोंगरावरचे मुबलक पाणी त्यास सौम्य करते. हिवाळ्यात ही सोबत सुटते. शिवाय कोरड्या दिवसांत टाकाऊ दगड-कोळशाच्या ढिगांवर क्षारांचे पापुद्रे साचतात. ते वळिवाच्या पहिल्या सरींबरोबर एकदम विरघळून ओढ्यात येतात. म्हणून ज्या पहिल्या पावसाचे आपण कौतुक करतो, तोच येथील माशांना घातक ठरू शकतो.

याच डोंगरातील लुखा नदी हिवाळ्यात गर्द निळी होते. प्रवासी त्या रंगावर लुब्ध होतात. परंतु काठच्या लोकांनी त्याच ऋतूत मेलेले मासे पाहिले आहेत. निळे पाणी निर्मळच असते, हा आपला समज तेथे पार खोटा ठरतो.

प्रत्येक खाणीचे पंचांग मात्र निराळे. आपल्यापैकी काहींचे मूळ गाव गोव्यात आहे. तेथील लोहखनिज मुख्यतः ऑक्साइड स्वरूपाचे; अम्लाचा असा उपद्रव तेथे सहसा नाही. तेथे भय पावसाळ्याचे, कारण ढिगांवरची तांबडी माती वाहून ओढ्यांत आणि शेतांत उतरते. म्हणजे एकाच जुलै महिन्यात गोव्यातील ओढा आपली व्यथा उघड करील, तर जैंतियातील ओढा ती झाकून ठेवील!

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल 2014 मध्ये मेघालयातील बिळांच्या खाणकामावर बंदी घातली. पण रसायनशास्त्र हुकूम मानत नाही. सोडून दिलेल्या खाणींतूनही अम्ल दीर्घकाळ पाझरत राहते. चुनखडीच्या चरांतून ते पाणी नेल्यास अम्लता घटते, आणि चुनखडी मेघालयात विपुल आहे. मात्र दगडांवर लोहाचा साका चढला, की त्यांचा गुण मंदावतो. म्हणजे देखभाल हवी, आणि देखभालीसाठी नोंदी हव्यात.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळाच पाहिजे असे नाही. पीएच दाखविणारा कागद, एक वही, आणि महिन्यातून एकदा त्याच जागी जाण्याची चिकाटी एवढ्यावर प्रारंभ करता येईल. आपल्या मंडळातील शाळकरी मुलांनी तेथील मुलांच्या जोडीने हे व्रत घेतले, तर ज्या भूमीचे मीठ आपण खाल्ले तिचे थोडे ऋण फिटेल. एका दिवसाच्या बाटलीवरून ओढ्याचा निवाडा करू नये, एवढे मला त्या वृद्धेने शिकविले. तेच आज आपल्या स्वाधीन करतो.