रेव्हरंड टिळकांना लाभलेली शांती

नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीत 1893 साली एका सहप्रवासी साहेबाने नारायण वामन टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली, आणि ती वाचता वाचता, विशेषतः मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर, धर्मजिज्ञासेने वर्षानुवर्षे अस्वस्थ असलेले त्यांचे मन स्थिरावू लागले. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे विभक्त राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताच्या पायाशी आल्या. तो सारा मनस्ताप लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात इतक्या निर्मळपणे सांगितला आहे, की श्रद्धेने लाभणाऱ्या समाधानाचा त्याहून विश्वसनीय दाखला मराठीत क्वचितच सापडेल, असे मला वाटते.

प्रार्थनेत चिंता ईश्वराच्या स्वाधीन करावी, क्षमेने वैर निवारावे आणि मग मोकळ्या हातांनी पीडितांच्या सेवेस लागावे, असा ख्रिस्ती साधनेचा क्रम आहे. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना टिळक दांपत्याने आपल्या घरी आश्रय दिला, तो याच भावनेने. उपासनेच्या गीतांना टिळकांनी अभंग-ओवीचे वळण दिले, हे कार्य मला फार मोलाचे वाटते, कारण व्याकुळ माणसाला परक्या चालीत मन मोकळे करता येत नाही. 1917 साली, ज्या मिशनसाठी ते काम करीत होते तिचा मुशाहिरा सोडून, त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात बंधुभावाने स्थान दिले.