तालुक्याच्या गावचे जेवण

घरात अन्न असताना माणूस बाहेर का जेवतो? शहरात त्याची उत्तरे पुष्कळ आहेत. खेड्यातल्या माणसाचे उत्तर मात्र एकच असते. त्याचे काम तालुक्याला निघालेले असते. फेरफाराची नोंद असते, मोजणीची तारीख असते, बँकेत साहेबांची सही व्हायची असते. सकाळच्या एस.टी.ने निघालेला माणूस अकराला कचेरीत पोचतो, 'साहेब जेवायला गेलेत, तीननंतर या' हे ऐकतो, आणि मग साहेब जेवायला गेले म्हणून यालाही जेवणे भाग पडते. गुरुजनांचीही तीच गत. बदली झालेला शिक्षक बिऱ्हाड येईपर्यंत महिना-दोन महिने खानावळीच्याच ताटावर काढतो. तेव्हा स्टँडशेजारची ती चार टेबलांची खोली म्हणजे काही चैनीची जागा नव्हे. ती गरजेची जागा आहे, आणि म्हणूनच तिथे काय मिळते आणि काय पडते, याचा विचार करायला हवा.

आपल्याकडे परक्या गावी जेवणाच्या तऱ्हा जुन्या आहेत. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवत, कोणी माधुकरी मागत. मग आली महिन्याची खानावळ. तिथे महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी फीस्ट, आणि रात्री चूल बंद. गावी जायचे असेल तर आधी सांगायचे, म्हणजे तेवढे 'खाडे' धरून पैसे वजा व्हायचे. मुंबईच्या गिरणगावात तर हजारो कामगार बायांच्या हातच्या खानावळीवर जगले. सातारा-रत्नागिरीकडचा माणूस आपल्याच मुलखातल्या बाईकडे जेवायचा. तिला त्याचे गाव ठाऊक, त्याला तिची अडचण ठाऊक. पगार झाला की हिशेब, तोवर उधारी. त्या बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या खानावळीत सगळेच अन्न अमृतासारखे होते, असे मी म्हणणार नाही. डाळ पातळ झाली की तिथेही कुरकुर व्हायचीच. पण ती कुरकुर ऐकणारे माणूस समोर असे, आणि कुरकुर करणारा संध्याकाळी पुन्हा त्याच पाटावर येणार, हे तिला माहीत असे.

स्टँडवरच्या खानावळीचे दुखणे नेमके इथेच आहे. तिथे आज जेवलेला माणूस पुन्हा कधी येणार, याचा भरवसा नाही. चांगले वाढले तरी तो गाडीत बसून जाणार, वाईट वाढले तरी जाणार. मग चांगले वाढायचे कशाला?

एका तालुक्याच्या गावी मी अशा ठिकाणी जेवलो. गावाचे आणि दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही, तुमच्या तालुक्यालाही तसे दुकान असेल. दारावर तांबड्या अक्षरांत 'घरगुती जेवण' लिहिलेले. भावाचा फलक कुठेच नाही. ताट आले. त्यात बटाट्याच्या चार फोडी, आणि त्यांच्याभोवती तांबडे पाणी. डाळीत हळद दिसत होती, डाळ शोधावी लागत होती. पोळ्या सकाळच्या, वातड, कडेला कोरड्या पडलेल्या. पापडाचा एक चतकोर, कांद्याच्या दोन चकत्या. ताकाला आंबटपणा तेवढा होता. शेवटी हिशेब झाला एकशे चाळीस रुपये, आणि वरती एक पोळी जास्त घेतली तिचे पंधरा निराळे. घरगुती म्हणावे, तर असे जेवण ज्या घरात होत असेल त्या घरातली माणसे कधीच पळून गेली असतील.

पण अन्न बेचव निघाले, एवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेत नाही. शेजारच्या टेबलावर एक वृद्ध शेतकरी आणि त्यांची बायको बसली होती. त्यांनी एक थाळी मागवली. ताट आले, तसा म्हाताऱ्याने त्यातली एक पोळी उचलून बायकोच्या हातावर ठेवली. गल्ल्यावरून आवाज आला, "बाबा, एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही. भिंतीवर लिहिलंय बघा."

खरोखरच लिहिले होते. त्याच्याच खाली 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' असेही लिहिले होते.

म्हातारा म्हणाला, "अवो मालक, तिला दोनच घास पायजेत. गोळी घ्यायचीय तिला, उपाशीपोटी चालत न्हाई."

"मग दुसरी थाळी सांगा. सगळ्यांना एकच नियम."

म्हातारा काही बोलला नाही. ताट त्याने बायकोपुढे सरकवले, पटक्याला हात लावून उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. आजींनी अर्धी पोळी खाल्ली, गोळी घेतली. उरलेले ताट तसेच राहिले. ते बाहेर नेता येईना, म्हाताऱ्याला आत येता येईना. एकशे चाळीस रुपये मात्र दिले गेले.

रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. नवराबायको दोघे या दुकानात जेवली तर २८० रुपये. म्हणजे एका माणसाचा जवळजवळ सबंध दिवस उन्हात खणण्याचा मोबदला त्या पाणचट रश्श्यात जातो. एस.टी.चे भाडे, कचेरीतल्या झेरॉक्स आणि मुद्रांक हे सगळे निराळेच.

गिऱ्हाईक पांगल्यावर मी त्या मालकांशी बोललो. मनुष्य उर्मट नव्हता, त्रासलेला होता. म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला एकशे चाळीस दिसतात. भाडं दिवसाला चारशे, दोन माणसांची मजुरी नऊशे. चूल पेटवायच्या आधी तेराशे रुपये गेले. एरवीच्या दिवशी तीस ताटं उठतात. आणि एक थाळी घेऊन चौघं जेवायला लागली, तर मी काय करू?"

हिशेब खोटा नाही. तेराशेला तीसने भागले तर ताटामागे त्रेचाळीस रुपये नुसत्या जागेचे आणि माणसांचे पडतात. त्यात गॅस आला. घरच्या १४.२ किलोच्या टाकीवर खानावळ चालवता येत नाही, त्यासाठी १९ किलोची धंद्याची टाकी महागात घ्यावी लागते. शिवाय साठ जणांचा स्वयंपाक करावा आणि पंचवीसच यावेत, हेही घडते. पुन्हा पोटभर वाढणाऱ्या थाळीत वाटेकरी बसले तर दुकानदार बुडेल, हेही मान्य. पण मंडळी, त्यांच्याच हिशेबाचे दुसरे टोक पाहा. बाजारच्या दिवशी त्यांची पासष्ट ताटे उठतात. त्या दिवशी तोच खर्च ताटामागे वीस रुपयांवर येतो. मग बाजारच्या दिवशी जेवण स्वस्त होते का? नाही. निदान डाळ तरी दाट होते? उलट, गर्दी पाहून तिच्यात आणखी दोन तांबे पाणी पडते! आणि पोटभर थाळीचा नियम त्या ताटाला लावायचा, ज्यात जादा पोळीचे पंधरा रुपये वेगळे घेतले जातात, हे कोणत्या न्यायाने? मोजून दिलेले ताट ज्याने विकत घेतले, त्याने ते कोणाबरोबर खावे, हा त्याचा प्रश्न आहे.

भाव चढण्याचीही एक गंमत आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला. थाळीचे दर वाढले, आणि ते समजण्यासारखे होते. पुढे टोमॅटो उतरला, इतका की शेतकऱ्याला तोडणीची मजुरी सुटेना. थाळी उतरल्याचे मी कुठे पाहिले नाही. बटाटा-कांदा पिकवणारा माणूस कवडीमोलाने माल विकून येतो आणि त्याच बाजारपेठेत त्याच बटाट्याच्या चार फोडी सोन्याच्या भावाने खातो. त्याला ते कळत नाही असे नव्हे. पण भूक लागलेली असते आणि गाडी साडेपाचची असते.

सरकारने यात हात घालून पाहिला आहे. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, आणि गिऱ्हाइकाकडून दहा रुपये. ग्रामीण भागात त्या थाळीची किंमत तेव्हा ३५ रुपये धरली होती, वरचे पंचवीस सरकार देणार. त्या आकड्यावर चालकाचे भागते की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण साध्या ताटाला सुमारे किती लागते, याचा एक अंदाज त्यातून मिळतो. त्यानंतरची महागाई त्यावर चढवली, तरी एकशे चाळीसपर्यंत पोचायला बरीच मजल मारावी लागते.

आता आपल्या हातात काय आहे, ते पाहू. बसण्यापूर्वी भाव विचारावा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, बैल घेताना आपण दात पाहतोच. थाळीत पोळ्या किती, भात किती, जादा पोळीला काय पडेल, हे तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे, म्हणजे शेजारच्या दोघांचेही काम होते. पाणी मागताना तांब्यातले मागावे. बाटली फोडून टेबलावर ठेवली गेली की तिचे पैसे लागतात. इथे एक बारीक गोष्ट आहे, बरं का. दुकानदार बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकू शकत नाही. पण हॉटेलात बसवून वाढणाऱ्याला छापील किमतीचे बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय आहे. तेव्हा बाटलीच हवी असेल तर ती शेजारच्या दुकानातून घेतलेली बरी.

बिल मागावे, आणि ते छापील मागावे. पुष्कळ ठिकाणी चिठोऱ्यावर आकडा लिहून देतात आणि त्यात 'जी.एस.टी.' म्हणून काही रुपये चढवतात. साध्या खानावळीच्या जेवणावर हा कर नोव्हेंबर २०१७ पासून शेकडा पाच आहे. पण तो घेण्याचा हक्क ज्याची नोंदणी आहे त्यालाच. बिलावर पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांक पाहिजे, आणि महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात २७ ने होते. क्रमांक नसेल तर कर द्यायचा नाही. ज्या छोट्या दुकानदाराने ठोक कराची सवलत, म्हणजे 'कंपोझिशन', घेतलेली असते, त्याने कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. गिऱ्हाइकाकडून तो वेगळा मागता येत नाही. शिक्षकांना माझी एक सूचना आहे. सातवी-आठवीच्या शेकडेवारीच्या तासाला असे खरे बिल फळ्यावर लिहावे. सात आंबे आणि पाच माणसे यांच्यापेक्षा मुलांना ते गणित अधिक उपयोगी पडेल, आणि घरी जाऊन ती वडिलांना सांगतील.

बिलावर आणखी एक क्रमांक असतो, चौदा आकडी, अन्नपरवान्याचा. तो छापणे १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचे झाले. भजी-वडे काळ्या तेलात तळलेले दिसले तर त्यालाही कायदा आहे. पुनःपुन्हा तापवून तेलात जे घातक घटक तयार होतात, ते शेकडा पंचवीसच्या वर गेले तर ते तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आपल्याजवळ मोजण्याचे यंत्र नाही, हे खरे. पण वास घेणारे नाक आहे, आणि तक्रार नोंदवायला १९१५ हा ग्राहक मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे पहिला प्रश्न विचारतात तो बिलाचा. म्हणून बिल जपून ठेवायचे.

अन्न बेचव आहे म्हणून मात्र कोणतेही न्यायालय दाद देणार नाही. त्याला उपाय म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिऱ्हाईक व्हायचे. आमच्या भागातल्या एका बाजारगावी एक विधवा बाई खानावळ चालवतात. त्यांच्याकडे तीन गोष्टी मी पाहिल्या. दाराबाहेर खडूने त्या दिवशीची भाजी आणि भाव लिहिलेला असतो. दोन भाकरी आणि भाजी एवढेच ताट अर्ध्या भावात मिळते. आणि आपली भाकरी घेऊन येणाऱ्याला त्या नुसती आमटीची वाटी विकतात, वर तांब्याभर पाणी आणून ठेवतात. मी विचारले, "बाई, यात परवडतं कसं?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, वाटीचा माणूस पुढच्या बाजारी पोराला घेऊन येतो, तवा थाळी सांगतो." आजूबाजूच्या चार गावांतले लोक, आणि तिथल्या शाळांतले आठ-दहा शिक्षक, त्यांच्याकडे जेवतात. पालेभाजी गावाकडूनच येते, तिचे पैसे महिन्याच्या जेवणात वळते होतात. स्टँडपासून त्यांचे घर सात मिनिटांच्या अंतरावर आहे, तेवढे मात्र चालावे लागते.